कामरगावचा ब्रेक

पोरीने गाडी घेतली तेव्हा मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. मी अठ्ठावीस वर्षं एसटी चालवली आणि एवढ्या वर्षांत माझ्या बसखाली कोंबडीसुद्धा आली नाही. हे वाक्य मी निरोपाच्या कार्यक्रमात म्हटलं होतं, नंतर लग्नकार्यात म्हटलं, विहारातल्या बैठकीत म्हटलं, दाढी करताना न्हाव्यालाही ऐकवलं. ते खरं होतं म्हणूनच मला त्याची चटक लागली असावी.

माझी मुलगी नर्स आहे. अनसिंगच्या पुढे एका उपकेंद्रावर तिची नेमणूक आहे आणि आम्ही राहतो वाशीमला. सुरुवातीला ती स्कूटीवर जायची. ट्रकांचा रस्ता, पावसाळ्यात चिखल, आणि बाळंतपण अडलं की घरी यायला उशीर. शेवटी तिने स्वतःच्या पगारावर गाडी घ्यायचं ठरवलं आणि गाडी बघायला मला सोबत नेलं. माझ्याशिवाय कोणाला नेणार होती?

शोरूममधल्या माणसाने समोरच्या काचेमागचा बारका कॅमेरा दाखवला. म्हणाला, गाडीसमोर माणूस किंवा वाहन आलं आणि चालवणाऱ्याने ब्रेक मारला नाही, तर गाडी आधी आवाज देते, आणि तरीही पाय हलला नाही तर स्वतःच ब्रेक मारते.

मी विचारलं, "आन मले थांबायचंच नसन तं?"

तो हसला. पोरगी हसली नाही. तिने तीच गाडी घेतली.

घरी येताना आमचा वाद झाला. मी म्हणालो, "गाडीनं मालकाचं आयकाव का मालकानं गाडीचं?"

ती म्हणाली, "बाबा, दिवसभर लसीकरण, त्यात एखादी डिलिव्हरी. वापस येताना मेंदू बंद पडल्यासारखा होते. तवा कोनी आपल्यासाठी पाहून राह्यलं तं काय वाईट हाय?"

"मेंदू बंद पडत असन तं गाडी बाजूले घ्यायची, चहा प्यायचा."

"आन रस्त्यात चहा नसला तं?"

मला ते पटलं नव्हतं. मला गाडी शिकवणारे उस्ताद म्हणायचे की रस्त्यावरचा माणूस दिसण्याआधी त्याचा इरादा दिसला पाहिजे. एक बकरी रस्ता ओलांडून गेली की मागून दुसरी येणारच. थांब्यावर उभी असलेली बाई पदर खोचायला लागली की ती पळणार. दारू प्यालेला माणूस पायांच्या आधी खांद्यातून कळतो. हे कॅमेऱ्याला काय कळणार, असं माझं म्हणणं होतं. यातलं अर्धं मला आजही खरं वाटतं. उरलेल्या अर्ध्याची गोष्ट सांगायची आहे.

गाडी घेतल्यानंतरच्या तुरी निघायच्या दिवसांत मी एका रविवारी कामरगावला बहिणीकडे निघालो. पोरीला सुट्टी होती, गाडी दारात होती, चावी तिनेच हातात दिली. बायको येणार होती, पण तिचे गुडघे दुखत होते म्हणून एकटाच गेलो. रस्त्यात गाडीने दोनदा आवाज केला, एकदा बैलगाडीला आणि एकदा वळणावरच्या मोटारसायकलीला. दोन्ही वेळा मला आधीच दिसलं होतं. मी गाडीला चार शिव्या हासडल्या.

कामरगावच्या थांब्यावर माझी बस कितीतरी वर्षं संध्याकाळी दहा मिनिटं थांबायची. तिथल्या हॉटेलवाल्याशी माझी जुनी ओळख. आता मी थांबा ओलांडत होतो आणि गल्ल्यावर तोच बसला आहे की त्याचा मुलगा, ते बघायला मान डावीकडे वळवली. तोच होता. मी हात वर केला.

तेवढ्यात गाडीत कर्कश आवाज झाला आणि गाडी जागच्या जागी आपटल्यासारखी थांबली. पट्टा गळ्याखाली रुतला, डोळ्यांवरचा चष्मा उडून खाली पडला. समोर एक म्हातारी उभी होती. तिच्या डोक्यावर तुराट्यांचा भारा होता, दोन्ही बाजूंना एवढा पसरलेला की तिला आजूबाजूचं काही दिसणं शक्यच नव्हतं. ती आणि गाडीचं नाक यांच्यात दोन हातांचं अंतर असेल.

माझा पाय कुठे होता ते मला पक्कं माहीत आहे. तो ॲक्सिलेटरवर होता.

म्हातारीने भारा तसाच खाली टाकला आणि माझ्या खिडकीशी आली. मला वाटलं, आता शिव्या देईल. तिने हात जोडले.

"वाचवलं रे बाप्पा मले! देवच बसला होता तुह्या पायात."

हॉटेलवाला पळत आला. त्याने मला ओळखलं आणि मागे वळून लोकांना ओरडून सांगितलं, "अरे, हे आपले डायवरसाहेब! मी मनलंच, असा बिरेक दुसरा कोन मारन! मानूस रिटायर झाला, पन पाय रिटायर नाई झाला."

लोक जमले. कोणी भारा उचलून म्हातारीच्या डोक्यावर दिला. मला बाकावर बसवलं, चहा दिला. हॉटेलवाला येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्या ब्रेकची गोष्ट सांगत होता आणि मी चहा पीत ऐकत होतो. पहिल्या घोटालाच सांगता आलं असतं की बाबा रे, मी तर तुझ्याकडे बघत होतो, ब्रेक गाडीने मारला. पण पहिला घोट गेला, दुसरा गेला, कप रिकामा झाला. मी पैसे द्यायला लागलो तर त्याने घेतले नाहीत. फुकटचा चहा आणि फुकटची वाहवा घेऊन मी बहिणीकडे गेलो.

घरी आल्यावर सदरा काढला तेव्हा बायकोला गळ्याखालचा लाल वळ दिसला.

"हे काय लागलं वो?"

पोरगी आतून आली. तिने नर्सच्या बोटांनी वळ दाबून बघितला, श्वास घ्यायला लावला. "बरगडीले काही नाई. पन हे झालं कसं?"

खरं सांगायची ती वेळ होती. आणि मी म्हणालो, "तुही गाडी. रिकाम्या रस्त्यावर थांबली. समोर कुत्रं नाई, मानूस नाई. मागून ट्रक येऊन राह्यला होता, त्यानं काटा मारून ट्रक बाजूनं काढला मनून वाचलो."

ट्रक कुठून आणला ते मलाही कळलं नाही. खोटं बोललं की त्याला टेकू द्यावा लागतो, आणि टेकू आपोआप तोंडात येतो.

का बोललो? मी बासष्ट वर्षांचा होतो. पोरगी चावी काढून घेईल याची भीती नव्हती, ती तसं करणारी नाही. पण "बाबांचं आता वय झालं" हे वाक्य तिच्या मनात उमटलं असतं. तिने ते कधी उच्चारलं नसतं, आणि तरी मला ते रोज ऐकू आलं असतं. मला ते वाक्य नको होतं, एवढंच.

तिने शोरूमला फोन केला. गाडी दाखवून आणली. त्यांनी सगळं तपासलं आणि सांगितलं की आम्हाला तर काही बिघाड दिसत नाही. ती त्यांच्याशी भांडली. माझ्यासमोर, फोनवर. "माह्या वडलानं अठ्ठावीस वर्षं एसटी चालवली. ते मनतात समोर काही नव्हतं, मंग नव्हतंच." मी वर्तमानपत्र उघडून बसलो होतो. एक ओळही वाचली नाही.

त्यानंतर तिने ती सोय बंद करून टाकली. पण ती कायमची बंद होत नसे. गाडी सुरू केली की ती पुन्हा चालू व्हायची. म्हणून पोरगी रोज सकाळी गाडीत बसली की पट्टा लावायच्या आधी स्क्रीनवर बोट फिरवायची आणि ती बंद करायची. मी फाटक उघडायला उभा असायचो. रोज ते बोट बघायचो.

एकदा मी खिडकीशी वाकून म्हणालो, "राहू दे ना चालू."

"कायले? तुमीच तं मनले भरोशाची नाई मनून."

"तसं नाई..." एवढं बोललो. मागून दूधवाल्याने हॉर्न वाजवला, त्याला गल्लीतून जायचं होतं. पोरीने गाडी काढली. संध्याकाळी सांगू, असं मी ठरवलं. संध्याकाळी ती दमून आली आणि मी उद्यावर टाकलं. असे तीन महिने गेले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका संध्याकाळी तिचा फोन आला. अनसिंगहून वाशीमकडे येताना त्या वेळी ऊन थेट तोंडावर असतं. मी तो रस्ता हजार वेळा केला आहे.

"बाबा, माह्याकडून एक मानूस उडाला."

"जिवंत हाय ना?"

"शुद्धीवर हाय तो. डावा पाय गुडघ्यात मोडला वाटते. मी त्याले घेऊन सिविललाच येऊन राह्यली. तुमी या."

तिचा आवाज लसीचा डोस सांगावा तसा सरळ होता. मी ऑटो करून दवाखान्यात पोचलो तेव्हा ती अजून यायची होती. मग ती आली. बॉनेट चेपलेलं, एक दिवा फुटलेला. मागच्या सीटवर तो माणूस आडवा, दात आवळून. त्याच्या पायाला दोन्ही बाजूंनी लसीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा लावून तिने तो आपल्या ओढणीने बांधला होता. स्ट्रेचरबरोबर चालत तिने डॉक्टरला सगळं सांगितलं. मार किती वाजता लागला, नाडी किती, रक्त किती गेलं. डॉक्टर त्याला आत घेऊन गेले आणि मग ती बाकावर बसली. मी रुमाल ओला करून आणला आणि तिचे हात पुसून दिले.

झालं असं होतं. पुढे त्या माणसाची मोटारसायकल होती. रस्त्यात बकऱ्या आल्या म्हणून त्याने एकदम ब्रेक दाबला. हिच्या डोळ्यांवर ऊन. दिसलं तेव्हा उशीर झाला होता. लोक जमले, दोघंतिघं अंगावर धावून आले. पण गर्दीत एक बाई होती जिचं बाळंतपण हिने केलं होतं. तिने लोकांना हटवलं. त्याला उचलून गाडीत घालायलाही तीच पुढे झाली.

तो माणूस मोटारी दुरुस्त करणारा मिस्त्री होता, पाण्याच्या मोटारी. विहिरीत दोराने उतरून जळालेली मोटार वर काढणं हे त्याचं काम. चाळिशीचा असेल. त्याची बायको आली तेव्हा मी तिला जयभीम घातला. तिने मान हलवली आणि फक्त एवढंच विचारलं, "पाय राहीन ना?"

पाय राहिला. आत सळई घालावी लागली. गुडघा पहिल्यासारखा वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पोलिसांचा पंचनामा झाला, केस झाली, ती अजून चालू आहे. पोरगी रोज ड्युटीवरून आली की वॉर्डात जाऊन बसायची. गाडी दुरुस्त होऊन दारात आली, पण ती बसने जायला लागली.

मी तिच्या नकळत शोरूमच्या मेकॅनिकला गाठलं. विचारलं, ती यंत्रणा चालू असती तर गाडी थांबली असती का?

त्याने खूप विचार केला. म्हणाला, "काका, सांगता येत नाही. ऊन कॅमेऱ्यालाही लागतं. कदाचित थांबली असती. कदाचित थोडी हळू होऊन लागली असती. कदाचित काहीच फरक पडला नसता."

त्याच्या तीन "कदाचित"मधला कोणता माझा, हे मी रोज बदलून बघतो. कोणत्याच एकावर मन ठरत नाही.

आठवडाभराने एका रविवारी सकाळी स्वयंपाकघरात मायलेकी मेथी निवडत बसल्या होत्या. मी दारात उभा होतो. पोरगी मान खाली घालूनच म्हणाली, "बाबा, तुमच्याकडून एवढ्या वर्षांत एक कोंबडी मेली नाई. मले दोन वर्षं नाई झाले तं मी मानूस मोडला. मले गाडी चालवाचा हक्कच नाई."

मी खाली बसलो आणि सांगून टाकलं. म्हातारी, भारा, हॉटेलवाला, चहा, सगळं. बायकोचे हात थांबले. पोरीचे थांबले नाहीत. ती पेशंटला विचारावं तसं मला विचारत गेली.

"बाई किती दूर होती?"

"दोन हात."

"तुमचा पाय कुठी होता?"

"ॲक्सिलेटरवर."

"आन ट्रक?"

"ट्रक नव्हताच."

तिने जुडी संपवली, देठं कागदात गुंडाळली. मला वाटलं, आता रडेल किंवा ओरडेल. मला तेच हवं होतं. ती उठता उठता म्हणाली, "चुकलो मनून सांगतलं असतं तं मी तुमाले कमी नसती समजली, बाबा. मी कमी समजीन, असं तुमाले वाटलं. ते लय लागलं मले."

आणि हात धुवायला गेली.

त्या दिवशी जेवायला वाढताना बायको एवढंच बोलली, "अवो, त्या मानसालेबी सांगाव लागन तुमाले."

मी गेलो. मिस्त्री तेव्हा घरी आला होता, अनसिंगच्या अलीकडे त्याचं गाव आहे. अंगणात बाजेवर पाय लांब करून बसला होता आणि समोर एक उघडलेली मोटार होती. बसल्या बसल्या तिची तांब्याची तार गुंडाळत होता. मी त्याला पहिल्यापासून सांगितलं. तो तार गुंडाळतच ऐकत राहिला. मग म्हणाला, "माह्या गाडीचा मागचा लाइट बंद होता, काका. चार महिन्यांपासून. बायको मनत होती बदल, बदल. मी रोज दुसऱ्याच्या मोटारी सुधारून राह्यलो आन आपला एक बल्ब नाई बदलवला."

मला हायसं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं, आणि त्याची लाज मला अजून वाटते. त्याला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. त्याने तार खाली ठेवली.

"पन तुमी मले हे कायले सांगून राह्यले? मी सिस्टरबाईवर नाराज नाई. तुमाले माफ करू मनता? करतो. तुमचं वझं कमी होत असन तं होऊ द्या. माहा पाय तं हाय तितकाच वाकते."

तो रागाने बोलला नाही. त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला. मी तो प्यायलो, कारण न पिता उठणं त्याहून वाईट दिसलं असतं.

आता त्याचा मेहुणा विहिरीत उतरतो. मिस्त्री काठावर बसून वरून सांगतो, कोणता नट आधी ढिला करायचा, दोर कुठे बांधायचा. मी एकदा रस्त्यावरून जाताना थांबून बघितलं. काम होऊन जातं, पण मेहुणा नवखा आहे, वेळ लागतो. मिस्त्री काठावर पुढे पुढे सरकतो आणि बायको त्याला मागे ओढते.

आमच्या चौकात निवृत्त ड्रायव्हर लोक सकाळी बसतात. हल्ली कोणा ना कोणाच्या घरात अशी गाडी आली आहे आणि हा विषय निघतोच. गाडीच्या हातात आपला जीव द्यावा की नाही. पूर्वी मी यावर अर्धा तास बोललो असतो. आता मी त्यांना कामरगावची गोष्ट सांगतो, जशी झाली तशी. यंत्र कधी चुकतं, उगाच घाबरतं, उन्हात आंधळंही होत असेल. पण त्याला अब्रू नसते. त्याने बघितलं नाही तर ते बघितलं म्हणत नाही. माझ्या हातातलं स्टिअरिंग कोणी मागितलं नव्हतं. मान वळली त्या एका क्षणापुरती कोणीतरी सोबत केली होती, आणि मी त्या सोबतीला खोटं पाडलं.

त्यांच्यातला एक जुना सहकारी गोष्ट ऐकून चिडला. "तू असं सांगत फिरशीन तं आपल्या सगळ्याईचं नाव जाईन." दुसऱ्याने दोन दिवसांनी मला बाजूला घेऊन स्वतःचं एक सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

पोरगी सहा महिने बसने गेली. मग तिच्या केंद्रावरची दुसरी सिस्टर एका सुट्टीला आली आणि दोघींनी गाडी रिंग रोडला नेली. असं चार-पाच सुट्ट्या चाललं. मला कोणी सोबत बोलावलं नाही, मीही विचारलं नाही. ती माझ्याशी बोलते, औषधं आणून देते, माझं ब्लड प्रेशर बघते. फक्त रस्त्याचं काही विचारत नाही. आधी आभाळ भरून आलं की विचारायची, "बाबा, आज कोन्या रस्त्यानं जाऊ?" आता मोबाइलमध्ये बघून ठरवते.

गेल्या सोमवारी सकाळी मी न्हाणीत होतो. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. फाटक तिने स्वतःच उघडलं असावं. मी टॉवेल गुंडाळून बाहेर येईपर्यंत गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचली होती. ती एकटीच होती. वळणावर पुरेशी थांबली, दोन्हीकडे बघितलं, आणि अनसिंगच्या रस्त्याला लागली.

बायको मागे येऊन उभी राहिली. "काही मनली काय तुमाले?"

"नाई."

"मले मनली, संध्याकाळी उशीर होईन."

मी फाटक लावून घेतलं आणि आत आलो.